मामा ब्रायनची हिरवी टपरी आणि एम-पेसा

थिकारोडकर

इथल्याच कुठल्याशा धाग्यावर परवा एक प्रतिसाद वाचला, "आफ्रिकेत बँकांचा पत्ता नाही, तिथे कसलं आलंय डिजिटल!" वाचताना चहा नाकातून यायची वेळ आली. मी मूळ सांगलीचा, चार वर्षं झाली केनियात, नैरोबीला आहे. थिका रोडवरच्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात हिशेब सांभाळतो. सांगलीला असताना बाबांच्या पेन्शनीसाठी महिन्यातून एकदा बँकेच्या रांगेत उभा राहायचो. इथे बँकेत शेवटचा कधी गेलो ते आठवावं लागेल. भाजी, न्हावी, घरभाडं, कामाच्या बाईंचा पगार, मंडळाच्या गणपतीची वर्गणी, सगळं एम-पेसावर, म्हणजे मोबाइल नंबरावरच्या पैशाच्या खात्यावर.

तर मामा ब्रायन. इथे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ती एम-पेसाची एजंट, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची पत्र्याची हिरवी टपरी आहे. एका बाजूला साबण, काडेपेट्या आणि उकडलेली अंडी, दुसऱ्या बाजूला जाळीची खिडकी, आत स्टुलावर ती. काल संध्याकाळी माझ्यापुढे एक म्हातारा होता. चिखलाचे गमबूट, हातात तडा गेलेला बटणांचा फोन. फोनमध्ये पैसे भरायला त्याने ओळखपत्र आणि हजाराच्या दोन चुरगळलेल्या नोटा सरकवल्या. तिने नोटा उजेडाकडे धरून बघितल्या आणि आपल्या फोनवर चार-पाच बटणं दाबली. दोघांचे फोन मागोमाग वाजले. तिने वहीत ओळखपत्राचा नंबर, रक्कम आणि मेसेजमधला दहा अक्षरांचा कोड लिहून घेतला, म्हाताऱ्याने सही ठोकली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

या व्यवहाराला म्हाताऱ्याकडे काय हवं होतं? सिमकार्ड आणि ओळखपत्र. बँकेत खातं नको, स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. मेनू सिममध्येच असतो.

सफारीकॉम या इथल्या मोबाइल कंपनीने हे सुरू केलं मार्च २००७ मध्ये. त्याआधी चाचणी झाली ती नैरोबीत आणि आमचा थिका रोड जिथे जातो त्या थिका गावात, २००५ साली. सफारीकॉममध्ये वाटा असलेल्या व्होडाफोनचे निक ह्यूज आणि सूझी लोनी यांच्या डोक्यात तेव्हा भलतंच होतं. बचत गटासारख्या गटांतल्या कर्जदारांनी फोनवरून हप्ते भरावेत, एवढाच बेत. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने पैसा दिला होता, छोटी कर्जं देणारी एक सूक्ष्मवित्त संस्था जोडीला होती. पण लोकांच्या हातात गोष्ट पडली की ते तिचं काय करतील, कुणी सांगावं! कुणी दुसऱ्याचा हप्ता आपण भरून त्या बदल्यात काम करून घेऊ लागलं. दुकानदार रात्री गल्ला फोनवर ठेवू लागले, कारण बँक लवकर बंद व्हायची आणि एजंट उघडा असायचा. प्रवासाला निघालेले लोक एका गावी रोकड भरून दुसऱ्या गावी काढू लागले, वाटेत लुटालुटीची भीती नको म्हणून. हे बघून कंपनीने हप्त्यांचा नाद सोडला आणि जाहिरात केली : घरी पैसे पाठवा. बस्स.

त्याआधी शहरातला माणूस गावी पैसे कसे पाठवायचा? पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरच्या हाती. पोचले तर पोचले.

जाता जाता, "पेसा" हा स्वाहिली शब्द बहुतेक आपल्या पैशावरूनच आलेला. रेल्वे बांधायला इकडे हिंदुस्थानातून मजूर आले, त्यांच्या मागे दुकानदार आले आणि इथे १९२० पर्यंत व्यवहारात रुपयाच होता. दुकानाला आजही "दुका" म्हणतात.

आता मुद्द्याचं. सगळे एम-पेसा म्हटलं की फोनबद्दल बोलतात. मला चार वर्षांत कळलं ते असं, की हा खेळ मामा ब्रायनचा आहे. तिच्याकडे दोन गल्ले असतात, एक नोटांचा, एक फोनमधला. फोनमधल्याला इथे फ्लोट म्हणतात आणि तो तिला आधी स्वतःचे पैसे भरून विकत घ्यावा लागतो. कुणी रोकड भरली की नोटा वाढतात, फ्लोट घटतो. कुणी काढली की उलटं. शहरात भरणारे जास्त, म्हणून शहरातल्या एजंटाचा फ्लोट संपतो. गावात काढणारे जास्त, म्हणून गावातल्या एजंटाच्या नोटा संपतात. मग तो टपरीला कुलूप लावून बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून तालुक्याच्या बँकेत नोटा आणायला पळतो. तेवढ्यात आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत. जानेवारीत शाळा उघडतात तेव्हा, आणि बाजाराच्या दिवशी, हे हमखास.

आपल्याकडे बँकमित्रांचं, म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या-घेणाऱ्यांचं, काय चालतं? इथे कुणी त्या कामात असेल तर लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

तिरकस_चष्मा

लेख रंजक आहे, पण कौतुक जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? आपल्याकडे यूपीआय आहे. चहाच्या टपरीवर दहा रुपये, फुकट, क्षणात. तुमच्याकडे पैसे पाठवायला चार्ज किती ते का नाही लिहिलंत?

थिकारोडकर

लिहितो की. हजार शिलिंग पाठवायला १३ शिलिंग आणि समोरच्याला ते रोख काढायला २९. शिलिंग साधारण पासष्ट-सत्तर पैशांचं धरा. शंभरपर्यंत पाठवणं फुकट. सरकारचा अबकारी कर या शुल्कातच आलेला असतो, तो दर काही वर्षांनी वाढतो.

तिरकस_चष्मा

म्हणजे हजाराला बेचाळीस. चार टक्के! गरिबाने गावी आईला पैसे पाठवायचे आणि त्यातून टोल भरायचा. याला आर्थिक समावेशन म्हणतात होय? आमच्या गावच्या सावकाराला कळलं तर तोही मेनू काढेल.

मालवणी_खाजा

तिरकसराव, मनीऑर्डरीलाही कमिशन होतं हो. आणि ते कुणाला जड वाटत नव्हतं, कारण पैसे घरात येत होते.

आमचे आजोबा परळला गिरणीत. रत्नागिरी जिल्हा सगळा मनीऑर्डरीवर चालतो असं म्हणायचे, आणि तेव्हा आमचं गावही रत्नागिरीतच होतं, सिंधुदुर्ग नंतर १९८१ ला झाला. महिन्याच्या दहा-बारा तारखेला आजी खळ्यात येऊन वाटेकडे डोळे लावून बसायची. पोस्टमन दिसला की आधी त्याला पाणी आणि गूळ. मग तो ओटीवर बसून नोटा मोजायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर आजोबांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. "गुरांक पेंढो घे. बाबल्याक शाळेत घाल." एवढंच. पैसे गेले तरी ती कुपनं आजीने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती.

आणि तुमची फ्लोटची गोष्ट तर तंतोतंत. गणपतीच्या आधी मनीऑर्डरींची अशी रीघ लागायची की पोस्टातली रोकडच संपायची. पोस्टमन हात हलवत येऊन सांगायचा, "मनीऑर्डर इली हा, पण पैशे उद्या." आजीचं त्यावरचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

अनामिक_वाचक

कुपनाची ओळ वाचून गलबललं. आमच्याकडे पण एक पेटी होती अशी.

सीएसपी_वाला

थिकारोडकर, तुम्ही बोलावलं म्हणून लिहितो, एरवी मी इथे नुसता वाचत असतो. मी यवतमाळ जिल्ह्यात बँकेचा ग्राहक सेवा केंद्रचालक आहे, म्हणजे बँकमित्र. आठ वर्षं झाली. एक खोली, एक लॅपटॉप, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र, इन्व्हर्टर.

तुमच्या मामा ब्रायनचे दोन गल्ले वाचले आणि वाटलं, ही बाई माझ्या शेजारीच बसते. आमचंही तेच आहे. बँकेत माझ्या खात्यात पैसे ठेवायचे. समोरच्या बाईने आधारवर अंगठा लावला की तिच्या खात्यातून वळते होऊन माझ्या खात्यात येतात आणि मी माझ्या गल्ल्यातून तिला नोटा देतो. म्हणजे नोटा माझ्या घरच्या.

लाडक्या बहिणीचा हप्ता पडला की सकाळी सातला ओट्यावर साठ-सत्तर बाया. प्रत्येकीचे दीड हजार. हिशेब करा. शाखा बावीस किलोमीटरवर, आणि तिथले कॅशियर साहेब मला बाराच्या आधी नोटा देत नाहीत, कारण त्यांच्याही काउंटरला रांग असते. दुपारपर्यंत माझा गल्ला रिकामा. बाया म्हणतात, "पैसे खाल्ले याने."

दुसरं म्हणजे ठसा. कापूस वेचून, निंदण करून बोटं अशी झालेली असतात की यंत्राला रेषाच सापडत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा, केसांवर घासा, दहा बोटं लावून बघा. एक आजी आहेत, दर महिन्याला चार चकरा मारतात. आल्या की पहिला प्रश्न, "माहे पैसे आले का रे बापू?" पैसे आलेले असतात. अंगठाच येत नाही. त्यांच्याच खात्यातले पैसे त्यांनाच देता येत नाहीत, याचं तोंड कुठे लपवायचं?

केनियात अंगठा नाही, नुसता पिन आहे का?

थिकारोडकर

हो, चार आकडी पिन आणि ओळखपत्र. त्यामुळे आजींची अडचण इथे येत नाही, पण दुसरी येते. लिहिता-वाचता न येणारी म्हातारी माणसं फोन सरळ एजंटाच्या हातात देतात आणि पिन मोठ्याने सांगतात. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातो! मामा ब्रायन अशांना ओरडते, पण करणार काय. नातू किंवा भाचा पिन ओळखून असतो आणि आजीचे पैसे हळूहळू पातळ होतात, ही तक्रार इथे घरोघरी आहे.

तिरकसराव, चार टक्क्यांचा तुमचा मुद्दा खोडत नाही. पण सीएसपी_वाला यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. यूपीआय फुकट आहे, कारण त्यात नोटेला हात लावणारा कुणी नाही. नोट मोजून द्यायला बसलेल्या माणसाचं पोट कशावर भरायचं? त्या २९ शिलिंगांतला वाटा मामा ब्रायनला जातो. म्हणून एका गल्लीत तीन-तीन टपऱ्या आहेत, रात्री नऊपर्यंत उघड्या.

सीएसपी_वाला

हे मात्र खरं. कमिशन इतकं तुटपुंजं की माझ्यानंतर याच भागात तिघांनी केंद्र घेतलं आणि तिघांनीही सोडलं. मी टिकलो, कारण बाजूला झेरॉक्स आणि पीक विम्याचे फॉर्म आहेत.

अपर्णा_के

छान चाललाय धागा. मी सूक्ष्मवित्तावर काही वर्षं काम केलं आहे, त्यामुळे थोडी भर.

केनियात बँक, फोनवरचा पैसा अशा औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ २००६ मध्ये साधारण २७ टक्के होते, २०२१ मध्ये ८४ टक्क्यांच्या आसपास. ही वाढ मुख्यतः फोनवरच्या पैशाची. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचा २०१६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एम-पेसामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे देशातली २ टक्के, दारिद्र्याबाहेर आली आणि १ लाख ८५ हजार बायका शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या, असा त्यांचा अंदाज.

त्या दोघांचं आधीचं एक काम मला जास्त आवडतं. घरात आजारपण आलं, पीक गेलं, नोकरी सुटली की एम-पेसा नसलेल्या घरात खाण्यापिण्याचा खर्च कमी होतो. असलेल्या घरात होत नाही, कारण लांबलांबचे नातेवाईक थोडे थोडे पैसे लगेच पाठवतात. मोठं पॅकेज नाही, योजना नाही. मावशीचे दोनशे, मित्राचे तीनशे. मालवणी_खाजा यांच्या आजीला महिन्यातून एकदा मनीऑर्डर यायची. बाबल्या तापाने फणफणला तर बारा तारखेपर्यंत थांबा.

पण या अभ्यासावर टीकाही झाली आहे. मिलफर्ड बेटमन हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लिहिलं की सुरू झालेले धंदे मोजले, बुडालेले मोजले नाहीत, आणि वाढत्या कर्जाकडे काणाडोळा केला. मला ही टीका वजनदार वाटते. २ टक्क्यांचा आकडा भाषणांत फेकायला फार सोयीचा आहे, म्हणून जरा जपून.

तिरकस_चष्मा

अपर्णाताई, शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. कर्जाचं कुणीच बोलेना म्हणून मी वाट बघत होतो. धागाकर्ते?

थिकारोडकर

बोलतो. हा भाग मुळात लिहायचा टाळला होता, कारण तो लिहिताना कौतुक ओसरतं.

२०१२ मध्ये एम-श्वारी आलं. त्याच मेनूतून बचत आणि कर्ज. कागद नाही, जामीन नाही, तुमच्या फोनच्या वापरावरून तुमची पत ठरते. महिन्याभराच्या कर्जाला साडेसात टक्के. त्याला व्याज म्हणत नाहीत, "सुविधा शुल्क" म्हणतात. बारा महिने फिरवत राहिलात तर नव्वद टक्के झाले. २०१९ मध्ये फुलिझा आलं. खात्यात पैसे कमी असले तरी व्यवहार पूर्ण होतो, उरलेले उधार. सुरुवातीला त्याला १ टक्का आणि वर रोजचं शुल्क होतं, पुढे ते कमी केलं. पण गंमत अशी की नंतर खात्यात येणारा पहिला पैसा आधी उधारीत वळता होतो. कारखान्यात पगाराच्या संध्याकाळी मी हे बघतो. फोन वाजतो, पोरगं मेसेज उघडतं आणि चेहरा पडतो.

याशिवाय कर्जाची ॲप्स. आमचा एक लोडर आहे, गुणी मुलगा. त्याने एका ॲपवरून तीन हजार उचलले, फेडता आले नाहीत. मग त्या ॲपवाल्यांनी त्याच्या फोनमधले नंबर काढून सगळ्यांना फोन लावले. मलाही आला. "तुमचा माणूस चोर आहे, त्याला सांगा." मी म्हटलं, मी त्याचा बाप नाही आणि तू त्याचा न्यायाधीश नाहीस. पोरगं दोन दिवस कामावरच आलं नाही, लाजेने. अगदी किरकोळ रकमांसाठी लाखो लोकांची नावं पत-यादीत काळी झाली. २०२२ मध्ये केंद्रीय बँकेने अशा कर्जवाल्यांना परवाना सक्तीचा केला तेव्हा जरा चाप बसला. आणि तरुण पोरं हे कर्ज काढून करतात काय? बऱ्याच जणांचं उत्तर एकच, फुटबॉलवर सट्टा. तोही त्याच मेनूतून भरता येतो.

कोल्हापुरी_ठसका

नंबर काढून सगळ्यांना फोन! हा प्रकार आपल्याकडेही काही कमी झाला नाही लॉकडाऊननंतर. माझ्या चुलतभावाचे फोटो बदलून नातेवाइकांना पाठवले होते. पोलीस स्टेशनात गेलो तर "कर्ज घेताना आम्हाला विचारलं होतं का" असं ऐकून घ्यावं लागलं.

जुना_वितरक

भारतात एम-पेसा आलं होतं हे किती जणांना आठवतं? व्होडाफोनने २०१३ मध्ये एका खासगी बँकेला सोबत घेऊन सुरू केलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. मी त्यांच्याकडे नव्हतो, पण त्याच काळात नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या एका वॉलेटचं वितरण माझ्याकडे होतं. त्यामुळे का चाललं नाही ते जवळून बघितलं.

केनियाच्या केंद्रीय बँकेने मोबाइल कंपनीला सरळ ना-हरकत पत्र दिलं. आपल्या रिझर्व्ह बँकेचं म्हणणं, लोकांचा पैसा सांभाळायचा तर बँकच हवी. मोबाइल कंपनीच्या साध्या वॉलेटमधून रोकड काढता येत नव्हती, त्याला बँकेची भागीदारी आणि पूर्ण केवायसी लागायचं. आता मी गावच्या किराणावाल्याला काय सांगू? पैसे भरून घे, पण काढून देऊ नकोस? तो म्हणायचा, "साहेब, विहिरीत बादली सोडायची, पण वर ओढायची नाही. अशा विहिरीवर येईल कोण?" त्याला मोबाइल रिचार्जमध्ये सुटसुटीत पैसे मिळायचे, फॉर्म-फोटो-झेरॉक्सच्या भानगडीत तो कशाला पडेल?

पुढे जनधन, आधार, २०१६ ला यूपीआय, आणि आमचा बाजार उठला. गोदामात त्या वॉलेटचे फ्लेक्स होते, बायकोने पावसाळ्यात कांद्याच्या चाळीवर टाकले. तेवढा उपयोग झाला.

तिरकस_चष्मा

पण रिझर्व्ह बँकेचं चुकलं असं म्हणाल का? मोबाइल कंपनी उद्या बुडाली तर? लोकांचे पैसे कुठे?

अपर्णा_के

केनियात ते पैसे कंपनीच्या हिशेबात नसतात. ग्राहकांच्या शिल्लकेइतकी रक्कम बँकांमध्ये न्यासाच्या, म्हणजे ट्रस्टच्या, खात्यात ठेवलेली असते, कंपनीला तिला हात लावता येत नाही. २००८ च्या शेवटी बँकांच्या दबावाखाली अर्थमंत्र्यांनी तपासणीही करायला लावली होती, तिच्यातून गैर काही निघालं नाही. मात्र कायदा मागाहून आला. राष्ट्रीय देयक व्यवस्थेचा कायदा २०११ चा, म्हणजे सेवा सुरू झाल्यावर चार वर्षांनी. आपल्याकडे आधी नियम आणि मग सेवा, तिकडे आधी सेवा आणि मग नियम. आपल्या बाजूने एक बोलायला हवं : यूपीआय कुठल्या एका मोबाइल कंपनीच्या मालकीचं नाही. केनियात बराच काळ एजंटाला दुसऱ्या कंपनीचं काम करायला बंदी होती, ती २०१४ मध्ये उठली. एका वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये थेट पैसे जायला २०१८ उजाडलं.

मला विचाराल तर भारताने पैसा "पाठवण्याचा" प्रश्न फार सुरेख सोडवला, पण "नोट हातात पडण्याचा" प्रश्न बँकमित्राच्या गळ्यात बांधून विसरला.

कंपालाची_पाटलीण

युगांडातून हजेरी. आमच्याकडे २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने मोबाइलवरच्या पैशावर १ टक्का कर लावला. भरताना, पाठवताना, काढताना, सगळ्यावर. लोक पुन्हा रोकडीकडे पळाले, आमच्या रस्त्यावरच्या एजंट मुलीने छत्री मिटवली ती मिटवलीच. काही महिन्यांत सरकारने अर्धा टक्का केला, तोही फक्त काढण्यावर. घानानेही २०२२ मध्ये दीड टक्क्याचा असाच कर आणला आणि २०२५ मध्ये काढून टाकला. सरकारला वाटतं, चला, आयतं मोजमाप मिळालंय, लावा कर.

मालवणी_खाजा

एक बाळबोध प्रश्न. चुकून भलत्याच नंबरावर पैसे गेले तर? मनीऑर्डरीत निदान पोस्टमन ओळखीचा असायचा.

थिकारोडकर

बाळबोध कसला, नवीन माणसाला हाच प्रश्न आधी छळतो. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, त्याला "हाकिकिशा" म्हणतात, म्हणजे खात्री करा. तो शब्द ऐकल्यावर "हकीकत" आठवली, मूळ अरबीच. तरीही चुकलंच तर आलेला मेसेज ४५६ वर पुढे पाठवायचा, समोरच्याने खर्च केले नसतील तर परत मिळतात.

पहिल्या वर्षी माझे दोन हजार किसुमू शहरातल्या कुणा बाईंना गेले होते. मी ४५६ शोधेपर्यंत त्यांचाच फोन आला. "बाळा, तुझे पैसे माझ्याकडे आलेत, काय करू?" उलटही होतं. "चुकून पैसे आले, परत करा" असे खोटे मेसेज इथेही रोज येतात, त्यामुळे कुणी खरं सांगितलं तरी आधी शिल्लक बघायची.

सीएसपी_वाला

थिकारोडकर, माझा एक प्रश्न राहिला. नोटा संपल्यावर मामा ब्रायन करते काय? दरवेळी बँकेत पळते? मला फुकटची युक्ती हवी आहे.

थिकारोडकर

आज मुद्दाम विचारून आलो. आधी तिने मला संशयाने बघितलं, टपरी काढतोय की काय म्हणून. मग हसून समोर बोट केलं. समोर खाटकाचं दुकान आहे. त्याच्या गल्ल्यात दिवसभर नोटा जमतात आणि रात्री त्या घरी न्यायची त्याला भीती वाटते. काढणारे जास्त आले त्या दिवशी हिच्याकडे चारपर्यंत नोटा संपतात. मग ही पोराला पाठवते, ब्रायनला. तो खाटकाकडून नोटा आणतो, ही खाटकाच्या फोनवर तेवढे पैसे भरते. खाटकाची रात्रीची काळजी मिटली, हिची संध्याकाळ निभावली. खाटक सुट्टीवर असला की शेजारच्या केशकर्तनालयातल्या बाई. सोमवारी मात्र दोघंही बंद, म्हणून सोमवारी हिचा जीव टांगणीला.

तिने उलट मला विचारलं, तुमच्याकडच्या त्या माणसाच्या समोर कोण आहे?

सीएसपी_वाला

माझ्या समोर दूध संकलन केंद्र आहे, पण त्यांचं वाटप दहा दिवसांनी होतं, रोज नोटा नसतात. पलीकडे कृषी केंद्र आहे. हंगामात त्याच्याकडे खताबियाण्याची रोकड असते आणि त्याला ती तालुक्याला नेऊन भरायचीच असते. आठ वर्षं आम्ही समोरासमोर बसतो, चहा एकत्र पितो, हे डोक्यात आलं नाही. बँकेच्या नियमात कसं बसवायचं ते शाखेत विचारून घेतो आधी, नाहीतर तेच म्हणतील परस्पर धंदा केला.

बाकी रविवारी लिहितो. उद्या हप्ता पडणार असं गावात कळलंय, सातच्या आधी शटर उघडावं लागेल. आजींसाठी ओलं फडकं भिजत ठेवलं आहे.